आठ जणांची पट्टी

चादरीची घडी एकट्यानं घालायची असली की एक टोक हनुवटीखाली दाबावं लागतं. मग हात लांब करून खालची टोकं जुळवायची आणि मान न हलवता बाकीचं अंदाजानं उरकायचं. घडी थोडी वाकडी होतेच. वर्ध्याच्या वसतिगृहात मी हे शिकले. पुढं मास्तरकी केली, खोल्या बदलल्या, गावं बदलली, आणि घड्या हनुवटीनंच घालत राहिले. मागं एकदा शेजारच्या बाई दारातून पाहत होत्या. म्हणाल्या, "हाक मारायची ना, मी धरलं असतं एक टोक." मी म्हटलं, "होतं माझं सवयीनं." त्या आपल्या घरी गेल्या. माझा स्वभावच असा, कोणी हात पुढं केला की मी माझे दोन्ही मागं घेते. पण त्या दिवशी चादर तशीच मांडीवर घेऊन बसले आणि मला आमच्या शाळेची पट्टी आठवली. तिच्यासारखी सरळ घडी मी पुन्हा कधी कोणाबरोबर घातली नाही.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या पलीकडे. गावात शाळा दोन होत्या. एक जनपदाची, म्हणजे तालुक्याच्या सभेची, चौथीपर्यंत, चुन्यानं पांढरी केलेली, पितळेची घंटा असलेली. दुसरी आमची. ती ना सरकारची, ना जनपदाची. ती गुरुजींची होती. गुरुजी वर्ध्याकडे एका आश्रमात काही वर्षं काढून परत आले ते सूत कातायच्या टकळ्यांची पेटी आणि डोक्यात शाळा घेऊन. मालगुजारांनी त्यांना कापसाचं एक जुनं कोठार दिलं. त्याच्या छपराला भोकं होती, तेव्हा दानाचं पुण्य तसं स्वस्तातच त्यांच्या पदरात पडलं.

अनुदान गुरुजी घेत नसत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अनुदान आलं की साहेब येते. साहेब आला की खुर्ची लागते. अन् एकदा खुर्ची आली की बाकीचे आपोआप खाली बसते." वर्गात शिकवताना ते पुस्तकी मराठी बोलत, पण मनातलं बोलायचं झालं की गावचीच बोली तोंडात येई. तर शाळेत खुर्ची नव्हती. गुरुजींसकट सगळे जमिनीवर बसत, आणि जमिनीवर अंथरलेली असे ती पट्टी. बाजारातलं तागाचं टाट नव्हे, पोरांनी कातलेल्या सुताची, पोरांनीच विणलेली जाडजूड पट्टी.

या पट्टीचा शाळेत एक रिवाज होता. पहिली ते चौथी आम्ही जे सूत कातायचो ते काही धड नसायचं, कुठं दोरीसारखं तर कुठं केसासारखं. गुरुजी ते फेकत नसत. प्रत्येक वर्गाचं एक गाडगं होतं, त्यात ते सूत जमत राही. आठवी म्हणजे आमच्या शाळेतला शेवटचा वर्ग. आठवीत गेलं की गुरुजी ते गाडगं उघडत, सुताला पीळ देऊन दोरे जाड करत आणि मागावर उभा ताणा लावून देत. मग वर्षभर वर्गानं त्यात आडवं सूत भरायचं. प्रत्येकानं आपल्या बसण्यापुरती जागा आपल्याच सुतानं विणायची, आणि दोन जागांच्या मधे पळसफुलांच्या रंगात बुडवलेल्या सुताचा एक पिवळा पट्टा.

चैतात, सुट्ट्या लागायच्या आधी, शाळेच्या अंगणात गावजेवण होई. आधी प्रश्न. गावातला कोणीही उठून आठवीच्या पोरांना काहीही विचारू शके. हीच आमची परीक्षा. मग जेवण. शाळा सोडून जाणारा वर्ग आपण विणलेल्या पट्टीवर ओळीनं बसे, आणि त्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय गाव जेवत नसे. जेवणं झाली की गुरुजी म्हणत, "उठा आता." सगळे एकदम उठत. पहिलीची पोरं धावत येऊन ती पट्टी उचलून नेत, आणि जूनपासून तिच्यावर बसत. एकदा उठलात की त्या शाळेच्या पट्टीवर पुन्हा बसायचं नाही. पुढं कधी भेटीला आलात तर पाहुण्यासारखं घोंगडं मिळे.

लहानपणी मला त्या सगळ्यात ते उठणंच आवडायचं. दहाबारा जणं एकदम उठली की जोंधळ्यावरून चिमण्या उडाव्यात तसा आवाज व्हायचा. आपणही एक दिवस असं उठणार, असं वाटायचं. कोणाबरोबर उठणार, हा प्रश्न तेव्हा पडायचं कारणच नव्हतं.

पहिलीत आम्ही आठ जण होतो. पाचवीला तिघं आर्वीच्या शाळेत गेले, कारण आमच्या शाळेचा दाखला बाहेर कोणी विचारीना. दोघांना घरच्यांनी शेतीत घेतलं. एका मुलीचं लग्न झालं. उरलो आम्ही दोघी, मी आणि माझी मैत्रीण.

तिच्याबद्दल काय सांगू? पहिलीपासून ती माझ्या डाव्या हाताला बसायची. तिच्या टकळीचं सूत असं निघायचं की गुरुजी ते बोटांवर घेऊन उगीच पाहत राहायचे. माझं सूत तुटायचं. ती माझी तुटलेली टोकं जोडून द्यायची, आणि मी तिची गणितं करून द्यायची. मला राग फार यायचा, कशाचाही. तिला त्या रागाचं हसू यायचं. "आता नाक फुगलं," ती म्हणायची, आणि माझं नाक खरोखरच फुगलेलं असायचं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी पाटी मारली असती.

सहावी संपल्यावरच्या वैशाखात तिचं लग्न झालं, आर्वीला. मी पंगतीत जेवले, तिच्या हातावरची मेंदी पाहिली, आणि घरी येऊन तिच्यावर चिडले, जसं काही तिनंच उठून ते ठरवलं होतं. सातवी उघडली तेव्हा माझ्या डाव्या हाताला नुसती पट्टी होती.

आईचं म्हणणं, पुरे झालं आता. "एकटी पोट्टी तिथं काय शिकते? माशा मारते गुरुजीच्या समोर बसून." बाबा कापसाच्या जिनिंगमधे मुनीम होते आणि हट्टात माझे बापच होते. "शाळेत घातली ते घातली," ते म्हणाले. "आठवी करीन, पट्टीवरून उठीन, मंग पाहू. जूनमंधी वर्ध्याले पाठवाचं का नाई, तेही मंगच पाहू." आईनं कपाळाला हात लावला आणि माझी भाकरी फडक्यात बांधली.

सातवी तशीच गेली, आठवी आली. एकटीचा वर्ग कसा असतो, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. गुरुजी सहावीला शिकवत, सातवीला शिकवत, मग माझ्यासमोर येऊन बसत आणि थोडे अवघडत. एका माणसाला मोठ्या आवाजात शिकवता येत नाही. हजेरी घेताना ते विचारत, "आठवी?" मी म्हणे, "हजर." यावर पोरं रोज हसत, आणि रोज माझं नाक फुगे. मधल्या सुट्टीत लहान पोरी मला खेळात घेत नसत, मी त्यांना फार मोठी. विहिरीवरच्या बायांत जावं तर त्यांना मी फार लहान. मी चिंचेखाली बसून भाकरी खायची आणि कोणाला बोलवायचं नाही असं ठरवून ठेवायची, म्हणजे कोणी आलं नाही याचं वाईट वाटायला नको.

त्या दिवाळीच्या सुट्टीत गुरुजींनी आमच्या वर्गाचं गाडगं उघडलं. अंगणात खुंट्या ठोकल्या आणि ताणा लावायला लागले. हे काम ते एकटेच करत, आपल्याच तंद्रीत, या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत येरझारा घालत. सुट्टी संपल्यावर मी गेले तर ताणा अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"गुरुजी, एवढा कोनासाठी?"

गुरुजींनी ताण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरेच्चा," ते म्हणाले. गाडग्यात आठ जणांचं सूत होतं. त्यांनी ते उघडलं आणि लावत गेले, संपेपर्यंत. वर्षानुवर्षं हाताला जी सवय होती तिनंच काम केलं. वर्गात आता एकच पोरगी आहे हे त्यांना रोज हजेरी घेताना दिसत होतं, पण हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

"माह्यापुरतं ठेवा, बाकीचं कापून टाका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी भरल्या ताटातलं अन्न उकिरड्यावर टाका म्हणाले. त्या शाळेत दुसरं काहीही चालत होतं. पाढे विसरलेले चालत, उशीर झालेला चालत असे. पण कातलेलं सूत कापणं हे पाप होतं, आणि ते मलाही माहीत होतं.

"मंग काय करू?"

"विणून टाक."

"सगळं?"

"हाय तेवढं."

माझी जागा तशी लवकर झाली. जाडीभरडी, गाठींची, माझ्यासारखीच. पिवळा पट्टा घातला आणि पुढची जागा सुरू करायची तर ती कोणाची? डाव्या हाताची. मी माग तसाच सोडला आणि तिच्या माहेरी गेले. तिच्या आईनं पेटीतून सुताच्या दोनचार गुंड्या काढून दिल्या. "सासरी चरखा नाई नेला तिनं. तिथं कोन कातू देते?" म्हणाली, आणि गुंड्या माझ्या ओच्यात टाकताना एकदा हातानं दाबून पाहिल्या.

ते सूत मी विणलं. त्याला गाठ नव्हती, ते तुटत नव्हतं, हात आपोआप चाले. आणि विणता विणता माझ्या मनानं एकच घेतलं. पट्टीच्या जेवणाला तिनं यावं आणि या जागेवर बसावं. बाकी सहा जणांचं मला काही नव्हतं. त्यांच्या जागा मी कोणाच्या कोणाच्या उरल्यासुरल्या सुतानं भरल्या, आणि त्या रिकाम्या राहिल्या तरी चालणार होत्या. पण अख्ख्या गावासमोर, एवढ्या लांब पट्टीवर, एकटीनं बसून पहिला घास घ्यायचा, या विचारानं मागावर माझा धागा चुकायचा. लग्नात नवरीलासुद्धा कोणी एकटं बसवत नाही. ती शेजारी बसली की पुरे होतं. मग मी कोणाच्या कोणत्याही प्रश्नाला उत्तर दिलं असतं.

थंडी गेली. पळस फुलला, मी फुलं वेचून आणली, रंग केला. दुपारी बाकीची पोरं घरी जात आणि कोठारात फक्त मागाचा आवाज राही. फाल्गुन संपता संपता छपराचे पत्रे तापायला लागले. मी सहाव्या जागेवर होते, मग सातव्या. कधीकधी गुरुजी येऊन जवळ बसत, गुंडी उलगडून देत.

बाबा कामानिमित्त आर्वीला जात. त्यांच्याबरोबर मी निरोप पाठवला की पट्टीचं जेवण आहे, येजो. पहिल्या खेपेला ते येऊन म्हणाले, "सांगतलं. सासू म्हणे, पाहू." दुसऱ्या खेपेला म्हणाले, "येतो म्हणे. सासू अन् ती, दोघीही येतो म्हणे."

"तिच्याशी बोलले का तुमी?"

"ती आत होती. भाकरी करून राह्यली होती."

मी आणखी काही विचारलं नाही. येणार म्हणजे येणार. त्या रात्री मी आईच्या हातातलं ताक सांडलं तरी आई रागावली नाही, इतकी मी खुशीत दिसत होते म्हणे.

जेवणाच्या दिवशी सकाळी अंगण सारवलं होतं. चिंचेच्या सावलीत पट्टी अंथरली, बुंध्यापासून थेट कुंपणापर्यंत. तिच्या एका टोकाला मी बसले. केस घट्ट बांधलेले, अंगावर धुतलेलं परकर-पोलकं. गाव जमायला लागलं. माणसं एका बाजूला, बाया एका बाजूला. जो येई तो आधी पट्टीकडे पाही, मग माझ्याकडे, आणि मग हळूच हसून बसे. मी रस्त्याकडे पाहत होते.

आर्वीहून बैलांची दमणी आली तेव्हा प्रश्न सुरू झाले होते. एरवी आठदहा पोरांत वाटले जाणारे प्रश्न, त्या वर्षी सगळे माझ्याच डोक्यावर. एका म्हाताऱ्यानं विचारलं, एकराला शेणखताच्या किती गाड्या? सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, दिल्ली कोण्या बाजूले? मी हात दाखवला. "काऊन सांगतं?" "उत्तर तिकडंच आहे म्हणून." लोक हसले. मग बायांतून एकीनं विचारलं, "पुरन वाटता येते का तुले?" मी म्हटलं, "नाई. पन पुरन खाता येते." आई मागून "पोट्टी!" म्हणून ओरडली आणि सगळं अंगण हसलं. मीही हसले, पण माझं लक्ष दमणीकडे होतं. आधी सासूबाई उतरल्या. मग ती उतरली. डोक्यावर पदर, कडेवर एक लहान पोर. ती पोर तिची नव्हती, थोरल्या जावेची होती, हे मला मागाहून कळलं.

ती बायांत, अगदी मागं जाऊन बसली. मी मान उंच केली. तिनं मला पाहिलं आणि ओठ मिटून हसली, आणि मला वाटलं, आता काही हरकत नाही.

पानं मांडली. पळसाच्या पत्रावळी, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. गुरुजी उभे राहिले. ते दरवर्षी या वेळी काही बोलत नसत, पण त्या दिवशी बोलले. "या वर्गात जे जे होते, त्यांनी पट्टीवर यावं. तुमचंच सूत आहे."

आर्वीचे तिघं परीक्षेमुळं आले नव्हते, आधी लग्न झालेली मुलगी सासरी होती. शेतीतले दोघं आले होते. ते माणसांत बसून एकमेकांना कोपरानं ढोसत हसले आणि जागचे हलले नाहीत. सगळ्यांनी बायांकडं पाहिलं. तिनं सासूकडं पाहिलं. सासूबाई वाईट बाई नव्हत्या, हे मी आजही सांगते. त्यांनी नाही म्हटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "वाढाले बाया कमी दिसते इथं."

ती उठली. पदर खोचला आणि पोरीला घेऊन सरळ माझ्याकडं आली. मी घाईनं बाजूला सरकले. माझ्या डाव्या हाताला सात माणसांची जागा मोकळी पडली होती, आणि मी तिच्यासाठी सरकून जागा करत होते!

ती वाकली आणि तिच्या जागेवर तिनं ती पोर बसवली. "हिले धरजो जरा. रडली त बोट देजो," म्हणाली, आणि भाताचं घमेलं उचलायला गेली.

असा मी पहिला घास घेतला. खरं तर मी नाही घेतला. गाव माझ्या हाताकडं पाहत होतं, माझा हात काही उठेना, आणि त्या पोरीनं मूठ भरून माझ्या पत्रावळीतला भात तोंडात कोंबला. "झालं, घेतला घास!" कोणीतरी ओरडलं, आणि गाव हसत हसत जेवायला लागलं. ती वाढत आली. प्रत्येकाच्या पानात भात पडला, माझ्याही पडला. "पोट भरून जेव," ती म्हणाली, जशी सगळ्यांना म्हणत होती. मी खाली मान घालून जेवले. बुंदी गोड होती की नाही ते मला आठवत नाही.

जेवणं उरकत आली आणि मला मांडीला ओल लागली. पोरीनं आपलं काम केलं होतं, नेमकं तिच्या काकूच्या जागेवर. बायांत एकच हशा पिकला. "पट्टी पावन झाली वं!" गुरुजींच्या तोंडात 'उठा आता' तयार होतं, ते तसंच राहिलं. ओली पट्टी पहिलीच्या पोरांच्या हातात कशी द्यायची? सासूबाई शरमून धावत आल्या, पोरीला उचललं. मीही उठले, कारण परकर भिजला होता. म्हणजे मी उठले ते तसलं उठणं.

ऊन चढलं होतं. लोक हात धुऊन आपापल्या घरी गेले. बाबा आईला घेऊन गेले. मागं राहिली खरकटी पानं, कावळे आणि आम्ही.

विहिरीवर तिनंच ती जागा धुतली. आपल्या सुताची जागा तिनं ओळखली होती की नाही, तोंडावरून कळेना. आम्ही पट्टी तुराट्यांच्या कुंपणावर पसरली. चैताचं ऊन, पाहता पाहता वाळली. सासूबाई सावलीत पोरीला थोपटत होत्या. तेवढा वेळ आम्ही दोघी कुंपणाशी उभ्या होतो आणि मी पट्टीच्या सुरकुत्या काढत होते. वर्षभर मनात केवढं बोलून ठेवलं होतं. ती तुराटीची एक काडी मोडत होती, तिचे तुकडे करत होती.

"चाल, घडी घालू," ती म्हणाली.

एवढी लांब पट्टी एकट्यानं घडी होणारी नव्हती. ती कुंपणाच्या त्या टोकाला गेली, मी या टोकाला. दोघींनी ताणून सरळ केली, झटकली, आणि एकमेकींकडं चालत आलो. टोकं जुळली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिचा तळवा जाड झाला होता.

"माहं सूत लावलं का तू?"

"हो."

तिनं खाली वाकून मधला मोड उचलला आणि पुन्हा लांब गेली. पुन्हा ताणली, पुन्हा आलो.

"मायनं देल्लं?"

"हो. पेटीत होतं."

आणखी एक मोड. आता अंतर फारसं नव्हतंच. दोन पावलं टाकली की आम्ही समोरासमोर, हातात हात म्हणावा इतक्या जवळ. तिच्या कपाळावर घाम होता, कुंकू ओघळलं होतं. माझं नाक फुगलेलं असणार, कारण तिनं पाहिलं आणि तिला हसू आलं. तेच जुनं हसू. तेवढ्यानं माझ्या तोंडून निघालं, "बसली काऊन नाई वं तू?"

तिनं घडीचा कोपरा नीट केला. "मी त कवाचीच उठली ना तिथून," ती म्हणाली.

रागानं नाही, रडून नाही. शाळेचा नियम सांगावा तसं सांगितलं. आणि नियम तोच होता, एकदा उठलं की पुन्हा बसायचं नाही. तिला तो माझ्याहून चांगला आठवत होता. मी तिला गणित शिकवत होते, आणि एवढं साधं मला दिसलं नव्हतं.

सासूबाईंनी हाक मारली. तिनं पट्टी माझ्या हातात ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि गेली. दमणी वळली. पोर तिच्या खांद्यावरून मागं पाहत होती. तिनं स्वतः पाहिलं नाही, किंवा पदरामुळं मला दिसलं नाही. पुढं तिला दोन मुलगे झाले, ते लोक पुलगावकडं राहायला गेले, एवढं बाबांकडून कळलं. आमची भेट झाली नाही. तिला भेटायला जावं असं मला कितीदा तरी वाटलं, आणि कितीदा तरी मी गेले नाही.

मी अंगणात उभी होते. आठ माणसांची पट्टी, तिला तीन घड्या घातल्या की ती एका माणसाची होते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी ती चिंचेखाली ठेवली आणि तिच्यावर बसले. सगळ्यांच्या जागा खाली, एकावर एक. जाड झाली होती, गादीसारखी. आठ वर्षं मी त्या शाळेत जमिनीवर बसले, आणि एवढं मऊ मला कधी लागलं नव्हतं. आता रडायला कोणाची आडकाठी नव्हती, तेव्हा पोटभर रडून घेतलं.

गुरुजी भांडी मोजून कोठारात ठेवून आले. कुंपणाबाहेर पहिलीची दोनतीन पोरं पट्टीसाठी ताटकळत होती. गुरुजी माझ्याजवळ उभे राहिले. माझ्याकडं न पाहता ते चिंचेच्या फांदीकडं पाहत होते.

"अजून थोडं बसते, गुरुजी," मी म्हटलं.

"बस," ते म्हणाले.

पोरांना त्यांनी हातानंच थांबवलं. सावली सरकून माझ्या पायांवरून गेली, ऊन गुडघ्यांवर आलं. कावळ्यांनी पत्रावळी उलटून टाकल्या. मी डावा हात पट्टीच्या कडेवर ठेवला होता.

मग गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "ऊठ पोरी आता."

मी उठले.